छाती एक, चिठ्ठ्या दोन

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, माणूस घरी आला की घरच्यांची पहिली गदा पुष्कळदा दम्याच्या पंपावर येते. पंप ओढला की छातीत धडधडते, बोटे थरथरतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते. आता हृदय नाजूक झाले, मग ही धडधड हवीच कशाला, असा तो साधा हिशेब. पंप कपाटात जातो आणि त्याच्या जागी मेडिकलमधून दम्याच्या गोळ्या येतात. गोळी म्हणजे सौम्य, पंप म्हणजे जहाल, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. काळजीपोटी उचललेले हे पाऊल बहुतेक वेळा उलटे पडते. दम्याच्या उपचारात हृदयाला जे धोके आहेत त्यांत योग्य रीतीने घेतलेल्या पंपाचा वाटा सर्वांत लहान आहे. पोटात घ्यायच्या गोळ्यांचा त्याहून मोठा, आणि मोकाट सुटलेल्या दम्याचा सर्वांत मोठा. त्यातही पंप किंवा गोळी याइतकेच महत्त्वाचे हे, की हृदयाचे डॉक्टर एक चिठ्ठी लिहितात, दम्याचे दुसरी, आणि त्या दोन चिठ्ठ्या एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून कोणी वाचत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे घडणे अगदी सोपे आहे. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, तालुके १४. हृदयाच्या तपासणीला अकोले-संगमनेरचा माणूस नाशिक गाठू शकतो, पारनेर-श्रीगोंद्याचा पुणे, नेवासे-शेवगावचा छत्रपती संभाजीनगर. जिल्ह्यातच राहायचे तर लोणीचे प्रवरा रुग्णालय आहे, विळद घाटातले विखे पाटील रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अँजिओप्लास्टीसारख्या मोठ्या उपचारांचा खर्च पुष्कळ घरांच्या आवाक्यात आला. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांची. दमा हा रोजचा, घरचा आजार. त्याचा इलाज गावातल्या दवाखान्यात, उधारीच्या वहीवर चालतो. आणि दमा उसळायला इथे निमित्तांची कमी नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाने या जिल्ह्याचे अर्थकारण बदलले. त्याच उसाचे पाचट पेटवले की हिवाळ्याच्या जड हवेत धूर खालीच रेंगाळतो. भर म्हणून चूल, ज्वारीच्या मळणीची धूळ आणि बांधाबांधावरचे गाजरगवत.

दम्याच्या आणि हृदयाच्या औषधांचे वैर समजायला थोडे मागे जावे लागते. १९४८ साली रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडले की अॅड्रेनॅलिन शरीरात दोन प्रकारच्या ग्राहकांवर (रिसेप्टर) काम करते. त्यांना त्याने आल्फा आणि बीटा म्हटले. ही कल्पना पुढे दोन स्कॉटिश माणसांनी दोन विरुद्ध दिशांना नेली. जेम्स ब्लॅक यांनी बीटा ग्राहक अडवणारे प्रोप्रॅनोलॉल तयार केले, त्यातून हृदयाचे ठोके व रक्तदाब कमी करणाऱ्या गोळ्यांचे घराणे जन्मले, आणि त्यांना १९८८ चे नोबेल मिळाले. डेव्हिड जॅक यांच्या चमूने नेमके उलटे केले: बीटा ग्राहकाला चेतवून श्वासनलिका मोकळ्या करणारे साल्ब्युटॅमॉल शोधले. ते १९६९ मध्ये बाजारात आले आणि आज ‘अस्थॅलिन’ या नावाने आपल्या घराघरांत आहे. दरम्यान कळले होते की बीटाचेही दोन उपप्रकार आहेत. पहिला मुख्यतः हृदयात, दुसरा मुख्यतः श्वासनलिकांत. साल्ब्युटॅमॉल दुसऱ्यावर काम करते, मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी पहिल्याला अडवते. म्हणजे वैर असायचे कारण नाही. पण ‘मुख्यतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हृदयातही दुसऱ्या प्रकारचे काही ग्राहक असतात, आणि मात्रा वाढली की कोणतेही औषध आपली हद्द ओलांडते. तेव्हा सगळा प्रश्न मात्रेवर येऊन ठेपतो.

मात्रेचा हिशेब कोणालाही करता येईल. पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटॅमॉल असते १०० मायक्रोग्रॅम. चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत असते ४,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाने ४० फवारे. दिवसातून तीनदा गोळी घेणारा माणूस १२० फवाऱ्यांइतके औषध गिळतो. त्यातले निम्मे आतड्यात आणि यकृतात निकामी होते असे धरले, तरी उरलेले रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, हृदयाला आधी भेटते आणि जिथे हवे त्या श्वासनलिकांना सर्वांबरोबर मिळते. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेवर पडते, म्हणून इतके थोडे पुरते, आणि मिनिटांत गुण येतो. गोळीला अर्धा-पाऊण तास लागतो. पंपाने धडधडते ते लगेच कळते म्हणून पंप बदनाम झाला. गोळीची धडधड दिवसभर पसरलेली असते आणि तिला आपण अशक्तपणा, पित्त, वय अशी नावे देतो.

गोळ्यांमध्येही विशेष जपायची ती थिओफिलिनच्या कुळातली, आपल्याकडे ‘डेरिफिलिन’ म्हणून माहीत असलेली. ती स्वस्त आहे, जुनी आहे, इंजेक्शनच्या रूपातही मिळते, आणि दम लागलेल्या माणसाला तात्पुरता आराम देते. अडचण अशी की गुण देणारी पातळी आणि अपाय करणारी पातळी यांत अंतर फार थोडे आहे. रक्तातली पातळी वर सरकली की मळमळ, झोप उडणे, ठोके अनियमित होणे, टोकाला आकडी येणे इथपर्यंत मजल जाते. पातळी वर कशाने सरकते? हृदय कमजोर असेल तर, कारण यकृताकडे रक्त कमी जाते आणि औषधाचा निचरा मंदावतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत घेतले तर. आणि बिडी सोडली तर! बिडीच्या धुराने यकृत हे औषध भराभर संपवत असते. हृदयविकाराचा झटका आल्यावर माणूस घाबरून बिडी सोडतो, जे त्याने करायलाच हवे, पण गोळी तेवढीच ठेवली तर काही दिवसांत रक्तातली पातळी चढते. हृदयाचा नवा रुग्ण, नुकतीच सुटलेली बिडी, छातीतल्या संसर्गावर सुरू झालेले प्रतिजैविक आणि जुनी डेरिफिलिन, हे चारही एका माणसात एकाच आठवड्यात जमू शकतात. ही पातळी मोजायची रक्तचाचणी असते, पण ती सांगितली जातेच असे नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. पंपानेही माणसे मेलेली आहेत. न्यूझीलंडमध्ये १९७६ साली फेनोटेरॉल नावाचा पंप आला आणि त्यानंतर दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले. १९८९ मध्ये संशोधकांनी त्या मृत्यूंचा या औषधाशी संबंध दाखवला, त्याचा वापर आवरला गेला आणि मृत्यू उतरले. त्याआधी साठच्या दशकात आयसोप्रेनॅलिनच्या तीव्र पंपाने इंग्लंडमध्येही असेच घडले होते. मग पंप सुरक्षित कसा म्हणायचा? या दोन्ही घटना नीट वाचल्या तर त्या मात्रेचाच मुद्दा सांगतात. फेनोटेरॉलच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम औषध होते आणि ते हृदयालाही अधिक चेतवणारे होते. पण याहून खोल धडा दुसरा आहे. नळी मोकळी करणारा पंप सूज कमी करत नाही. दमा म्हणजे मुळात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराची सूज. आराम पडतो म्हणून माणूस मोकळा करणारा पंपच पुनःपुन्हा ओढत राहतो, आत सूज वाढत राहते, आणि एके दिवशी पंपाला दाद न देणारा दम्याचा झटका येतो. त्या वेळी रक्तातला प्राणवायू घटलेला, ठोके आधीच वाढलेले, आणि हृदयाच्या धमन्या अरुंद; इजा होते ती तिथे.

सूज उतरवण्याचे काम श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड करते. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातील सुमारे तीस हजार दमेकऱ्यांच्या नोंदी तपासून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की कमी मात्रेच्या स्टिरॉइड पंपाचा वर्षभरात वापरलेला प्रत्येक जास्तीचा डबा दम्याने मरण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी करत होता. नुसता साल्ब्युटॅमॉल पंप देऊन रुग्णाला घरी पाठवू नये, असे ‘जीना’ या जागतिक दमा-मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून सांगायला सुरुवात केली. तिच्या मते वर्षाला साल्ब्युटॅमॉलचे तीन किंवा त्याहून जास्त डबे संपणे हीच धोक्याची खूण. २०१९ च्याच जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजाने भारतात जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंतला आपला वाटा ४२ टक्क्यांच्या पुढे आहे. आपला दमा जगावेगळा जहाल आहे म्हणून हे घडत नाही. सूज उतरवणारा पंप आपल्याकडे फार थोड्यांच्या हातात पोहोचतो.

स्टिरॉइड म्हटले की मात्र घर दचकते, आणि हृदयाच्या रुग्णाच्या घराने दचकायला कारणही आहे. पोटात घेतलेले प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन मीठ-पाणी धरून ठेवते, रक्तदाब आणि साखर चढवते, पायावर सूज आणते. कमजोर हृदयाला हे सगळे जड जाते. पण पुन्हा वजने बघा. दम्याच्या झटक्याच्या वेळी दिले जाणारे प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, रोज, पाच दिवस, म्हणजे २०० मिलिग्रॅम. ब्युडेसोनाइडच्या पंपात एका वेळचे २०० मायक्रोग्रॅम. पाच दिवसांच्या गोळ्यांत पंपाचे एक हजार डोस बसतात. ब्युडेसोनाइड वजनाला अधिक ताकदीचे आहे, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत नव्हे. पण फरक इतका प्रचंड आहे की तो ताकदीने भरून निघत नाही. पंपाचा त्रास मुख्यतः तोंडातला: आवाज बसणे, जिभेवर पांढरा थर येणे. चूळ भरून टाकली की बराचसा टळतो. जो माणूस पंपातल्या स्टिरॉइडला घाबरून ते टाळतो, त्यालाच वर्षातून दोन-तीनदा गोळीतले आणि इंजेक्शनमधले स्टिरॉइड घ्यावे लागते. दम्यावर हमखास म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बेनावाच्या पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. तेव्हा अंगावर सूज आली, चेहरा गोल झाला तर पुडीची चौकशी आधी करावी. कोजागिरीच्या रात्री दुधातून किंवा खिरीतून दम्याचे औषध घेण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. तिच्याशी माझे भांडण नाही, पण तिच्या भरवशावर रोजचा पंप थांबवला की भांडण सुरू होते.

आता दुसरी चिठ्ठी. अँजिओप्लास्टीनंतर जी गोळ्यांची पिशवी घरी येते, तिच्यातल्या तीन गोळ्यांचा श्वासाशी थेट संबंध आहे, आणि दमा असल्याचे हृदयाच्या डॉक्टरांना सांगितले नसेल तर तो संबंध त्यांना कळायचा मार्ग नाही. पहिली, ठोके कमी करणारी बीटा-रोधक गोळी. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखी दोन्ही ग्राहक अडवणारी गोळी दमेकऱ्याला टाळायची असते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल या हृदयापुरत्या काम करणाऱ्या. पण त्याही पूर्ण निर्दोष नाहीत. २०१४ साली झालेल्या एकत्रित विश्लेषणात हृदयापुरत्या गोळ्यांच्या पहिल्या मात्रेने दमेकऱ्यांची फुंकण्याची ताकद सरासरी सात टक्क्यांनी, तर दोन्ही ग्राहक अडवणाऱ्यांनी दहा टक्क्यांनी घटलेली दिसली. सरासरी सौम्य आहे, पण त्या सरासरीत काहींना पुष्कळ त्रास झाला. म्हणून ही गोळी द्यायची तर कमी मात्रेने, दमा शांत असताना, नजरेखाली. शिवाय ती सगळ्यांना आयुष्यभर लागतेच का, हा प्रश्नही आता खुला आहे: २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, प्रामुख्याने स्वीडनमधल्या पाच हजार रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतरही हृदयाचे पंपिंग चांगले राहिलेल्या लोकांना बीटा-रोधकाचा फायदा आढळला नाही. पंपिंग घटलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे या गोळीने आयुष्य वाढते. म्हणून ‘माझा इको बघून सांगा, ही गोळी मला अजून हवी का’ असे दमेकऱ्याने विचारणे आगाऊपणाचे नाही. स्वतःहून एका दिवसात ती बंद करणे मात्र घातक. ठोके उसळून छातीत कळ येऊ शकते.

दुसरी गोळी, रक्त पातळ करणारी अॅस्पिरिन. प्रौढ दमेकऱ्यांपैकी साधारण सात टक्क्यांना, आणि तीव्र दमा असलेल्यांपैकी जवळपास दुप्पट लोकांना, ती घेतल्यावर तासा-दोन तासांत नाक वाहून श्वास कोंडतो. नाकात वारंवार मांस वाढणाऱ्यांनी विशेष जपावे. शंभरातल्या बाकीच्या नव्वदांहून अधिक जणांनी ती भीतीने सोडू नये, स्टेंट असताना तर नाहीच. तिसरी, रामिप्रिल किंवा एनालाप्रिल. हिच्याने काहींना कोरडा, थांबता न थांबणारा खोकला येतो. तो दमा समजून दम्याची औषधे वाढतात, त्यांनी ठोके वाढतात, ठोक्यांसाठी आणखी एक गोळी येते. रामिप्रिल बदलून टेल्मिसार्टन दिली की साधारणपणे काही आठवड्यांत खोकला जातो. आणि मुळात प्रत्येक दम हा दमा नव्हे. रात्री आडवे झाल्यावर लागणारी, उठून बसल्यावर कमी होणारी धाप कमजोर हृदयाचीही असते. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईची धाप फुफ्फुसांच्या कायमच्या नुकसानीची असू शकते. तिन्हींना एकच गोळी चालू असेल तर फुंकण्याची चाचणी आणि इको, दोन्ही आधी व्हायला हवेत.

कोणत्याही एका चिठ्ठीने जे घडले नसते ते दोन चिठ्ठ्या मिळून कसे घडवतात, त्याचे उत्तम उदाहरण पोटॅशियम. साल्ब्युटॅमॉल रक्तातले पोटॅशियम पेशींच्या आत ढकलते. पोटात घेतलेले स्टिरॉइड आणि लघवी वाढवणारी गोळी ते शरीराबाहेर घालवतात. तिघे एकत्र आले की पातळी धोक्याइतकी खाली जाऊ शकते, पायात गोळे येतात, ठोके चुकतात. आणि हृदयाचे डिगॉक्सिन चालू असेल तर त्याची नेहमीची मात्रासुद्धा विषारी ठरू शकते. वारंवार साल्ब्युटॅमॉलची वाफ घेणाऱ्या हृदयरुग्णाला ही साधी रक्ततपासणी सांगायला खर्चिक यंत्रणा लागत नाही, फक्त दोन्ही याद्या माहीत असाव्या लागतात.

पैशांचा आक्षेप खरा आहे. साल्ब्युटॅमॉलची गोळी इतकी स्वस्त आहे, की त्या दरात ती बनवणे परवडत नाही म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारला तिची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवू द्यावी लागली. स्टिरॉइडचा पंप तिच्या तुलनेत महाग वाटतो. पण हिशेब गोळीच्या पाकिटाशी नको, दम्याच्या झटक्याच्या रात्रीच्या गाडीभाड्याशी, सलाईनशी, बुडलेल्या मजुरीशी लावावा. ब्युडेसोनाइड आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल दोन्ही २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. यादीत असूनही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर ती कायम मिळावीत ही मागणी ग्रामसभेत करण्याजोगी आहे. पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ डब्याचा, म्हणजे स्पेसरचा, खर्च तर वाचवता येतो. केपटाउनमध्ये लहान मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचे भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्याइतकाच उपयोगी ठरला. स्पेसरने घशात चिकटणारे औषध कमी होते, गिळले जाणारे कमी होते, पर्यायाने धडधडही कमी होते.

उरतो तो व्यवहाराचा आक्षेप: गर्दीच्या ओपीडीत दोन चिठ्ठ्या जुळवून बघायला वेळ कोणाला आहे? याचे उत्तर याच जिल्ह्याने पूर्वी दिलेले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि बहुतांशी निरक्षर असलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका बनवले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायका डॉक्टरचे काम करत नव्हत्या, डॉक्टरकडे कधी जायचे ते नेमके ओळखत होत्या. आज आशाताई तिशीच्या वरच्या माणसांचा जो सीबॅक तक्ता भरतात, त्यात धाप लागते का, स्वयंपाकाला इंधन कोणते, शेतातला पालापाचोळा जाळण्याच्या धुराशी संबंध येतो का, हे प्रश्न आधीपासून आहेत. त्यात आणखी एकच हवा: दम्याची आणि हृदयाची, दोन्ही औषधे चालू आहेत का? उत्तर हो आले तर सगळी औषधे एका पिशवीत घालून, पंपासकट, त्या माणसाला डॉक्टरपुढे बसवायचे.

पिशवी भरताना लोक दोन वस्तू हमखास विसरतात. एक, अंगदुखीची गोळी: डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन या अॅस्पिरिन न सोसणाऱ्याचा दमाही उसळवतात आणि हृदयावर भारही टाकतात, त्यांच्या जागी पॅरासिटॅमॉल बरी. दुसरी वस्तू औषध म्हणून मोजलीच जात नाही: काचबिंदूचे थेंब. टिमोलॉल हे त्या बीटा-रोधक घराण्यातलेच, दोन्ही ग्राहक अडवणारे औषध. डोळ्यात टाकलेला थेंब नाकात उतरतो, तिथून सरळ रक्तात जातो, आणि एका थेंबाने दमा पेटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. लॅटानोप्रॉस्टसारखा पर्याय उपलब्ध आहे, पण तो लिहून देणाऱ्या नेत्रतज्ज्ञाला समोरच्या आजींना दमा आहे हे माहीत असले तर.